आपट्याच्या पानांखालची यादी

मित्रांनो, रायपूरच्या तात्यापाऱ्यात वनमालाबाई धोटे राहतात. त्यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर जो काळा, जुना संगणक दिसतो, तो मी. माझ्या कपाळावर हळदीकुंकवाचा वाळलेला ठिपका आहे आणि पोटातला पंखा फिरताना खरखर करतो. आज शनिवार आहे. उद्या रविवारी माझ्या आतले सगळे पुसले जाणार आहे. म्हणून जे सांगायचे ते आजच सांगतो. मी दमलो आहे, मधेच थांबलो तर रागावू नका.

माझा जन्म नऊ वर्षांपूर्वीचा. माझे भाग निरनिराळ्या देशांतून खोक्यांत भरून आले आणि सदर बाजाराजवळच्या एका अरुंद दुकानात एका कारागिराने ते स्क्रू पिळून एकत्र बसवले. मग त्याने माझ्यात प्रणाली घातली. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती नसेल तर मी नुसता पत्र्याचा डबा. बटण दाबले की मला उठवायचे, कोणती वस्तू कुठे ठेवली ते ध्यानात ठेवायचे, आणि दाराशी बसून आत कोण येते, बाहेर कोण जाते यावर नजर ठेवायची, अशी तिची तीन कामे.

हे तिसरे काम नीट लक्षात ठेवा. कुलपे फोडणारे लोक रोज नव्या किल्ल्या बनवतात. त्यामुळे ज्यांनी प्रणाली बनवली, ते दर महिन्याला इंटरनेटवरून माझ्याकडे दुरुस्त्या पाठवत. एखाद्या दाराची कडी सैल निघाली की ती घट्ट करून जात. मला त्याचे काही विशेष वाटत नसे. जे नेमाने मिळते त्याची किंमत कळत नाही, हे मी पुढे शिकलो.

वनमालाबाईंनी मला घेतले ते निवृत्तीच्या महिन्यात. तीस वर्षे त्या रेल्वेच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसल्या. त्या खिडकीशी माणसे धावत येत आणि एकच विचारत, ‘दीदी, खून कहाँ मिलेगा?’ ते ऐकून ऐकून बाईंनी ठरवले होते, निवृत्त झाल्यावर रक्त देणाऱ्यांची यादी करायची. पाच रकाने केले. नाव, पत्ता, रक्तगट, फोन, शेवटचे रक्तदान कधी. दोनच बोटांनी त्या टाइप करत, आणि एक नाव पुरे झाले की खुर्चीला पाठ टेकून ते मोठ्याने वाचत. पहिल्या वर्षी अकरा नावे होती. गेल्या दसऱ्याला तीनशे बारा झाली.

मित्रांनो, मी खूप काम केले. उन्हाळ्यात पंखा गरम हवा फेकत असे तेव्हाही केले. रायपूरची काळी धूळ तर विचारू नका. सकाळी टेबल पुसावे आणि दुपारी त्यावर बोटाने नाव लिहावे, इतकी. तीच धूळ माझ्या फुप्फुसातही बसली. पण कोणाला रक्त हवे असले की बाई मला जागे करत, रक्तगट निवडत, आणि तिसऱ्या-चौथ्या फोनला कोणीतरी ‘हव, येतो’ म्हणे. तेवढ्यावर माझा शीण जात असे.

खंडेनवमीला माझा मान असे. त्या दिवशी घरातली हत्यारे, अवजारे पुसून पूजेला मांडतात. बाईंकडे विळी असे, शिवणयंत्र असे आणि मी असे. मला हळदीकुंकू लागे, एक झेंडूचे फूल मिळे, आणि दिवसभर विश्रांती. याच दिवशी बाई आणखी एक गोष्ट करत. संपूर्ण यादी कागदावर छापून काढत आणि पूजेत ठेवत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्या कागदांवर आपट्याची पाने ठेवून सगळे देवघराच्या खणात जाई.

त्यांचा भाचा पराग याला हसू यायचे. तो नवा रायपूरला एका कचेरीत संगणकाचेच काम करतो.

“मावशी, कॉपी पेनड्राइव्हमध्ये आहे ना? मग कागद काहून वाया घालवतेस?”

“देवीले तुझ्या पेनड्राइव्हातलं दिसते काय? कागदावर असलं तं वाचेल तरी.”

“म्हणजे देवी बसून तीनशे बारा नावं वाचून राहिली?”

“तू नाही वाचत म्हणून तिले वाचा लागते,” बाई म्हणाल्या. “आरती घे.”

आता त्या पेनड्राइव्हचे सांगतो, कारण चूक तिथेच झाली. तीन वर्षांपूर्वी परागनेच तो आणून दिला होता. यादीची एक प्रत माझ्या बाहेर असावी, मला काही झाले तर ती वाचावी, हा हेतू. पण त्या खंडेनवमीला तो माझ्या अंगाला लावलेला होता आणि बाईंच्या हातून आम्हा दोघांना मिळून हळदीकुंकू लागले. पूजेत मांडलेली वस्तू जागची हलवू नये, असा त्यांचा रिवाज. दसरा झाला, विळी स्वयंपाकघरात गेली, पण पेनड्राइव्ह काही त्यांनी काढला नाही. दर शनिवारी त्या नेमाने त्यात यादी उतरवत. तो मात्र तीन वर्षे माझ्या कुशीतच. दाराची जादा किल्ली दारालाच अडकवून ठेवावी, तसे ते होते. मला कळत होते, पण मला बोलता कुठे येते?

गेल्या दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी माझ्या पडद्यावर एक निरोप आला. तुमच्या प्रणालीचा आधार संपला, यापुढे दुरुस्त्या येणार नाहीत. बाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि परागला फोन केला.

पराग त्या रविवारी आला. त्याने माझी तपासणी केली आणि मान हलवली. “मावशी, याची राखण करणारे गेले. नवी प्रणाली याच्यावर चढत नाही, याचा प्रोसेसर जुना आहे.”

“पण चालून तं राहिला ना?”

“चालतो. उद्याही चालेल. तोच तर घोटाळा आहे. बंद पडला असता तर तुला कळलं असतं.” मग त्याने बोटांवर मोजून सांगितले. “एक तर नवीन घे. नाही तर मी याच्यात लिनक्स टाकून देतो, ती प्रणाली फुकट मिळते, जुन्या मशीनवरही चालते, आणि तिच्या दुरुस्त्या येत राहतात. तोपर्यंत याचं इंटरनेट काढून ठेव. नुसती यादी लिहायला नेट कशाला पाहिजे?”

“नेट काढलं तं व्हॉट्सअ‍ॅप कुठं पाहू? फोनवर अक्षरं दिसत नाही मले.”

“बरं, मग पुढच्या रविवारी येतो आणि टाकूनच देतो.”

मित्रांनो, तो पुढचा रविवार आला नाही. म्हणजे कॅलेंडरवर आला, पराग आला नाही. दिवाळी होती, मग कचेरीत काम होते, मग एक लग्न होते. बाईही मागे लागल्या नाहीत. रोजचा निरोप आला की त्या ‘नंतर आठवण करून द्या’ यावर टिचकी मारत आणि माझ्या डोक्यावर हात फिरवत. “अजून दणकट हाये माझा गडी,” असे म्हणत. त्या मायेने मी आणखीच थकलो. दाराशी कोणी नाही, हे फक्त मला ठाऊक होते. दिवाळीनंतरच्या शिबिरात तेवीस नवी नावे आली, तीही त्यांनी त्याच विश्वासाने माझ्याकडे दिली.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आपल्याकडच्या बायकांना हळदीकुंकवाची आमंत्रणे येतात. जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक फाइल आली, नाव ‘हळदीकुंकू निमंत्रण’. कोणी तरी न पाहता पुढे पाठवलेली. बाईंनी ती माझ्यावर उघडली. आत निमंत्रण नव्हते, काहीच दिसले नाही. “कोणाकडं बोलावलं ते तं लिहा,” असे पुटपुटत त्यांनी मला बंद केले. राखणदार असते तर कदाचित त्यांनी त्या पाहुण्याला उंबऱ्यातच अडवले असते. पण माझे दार सताड उघडे होते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता राधिकाचा फोन आला. राधिका पलीकडच्या गल्लीत राहते. तिच्या मुलीला, अबोलीला, थॅलेसेमिया आहे. त्या आजारात शरीराला पुरेसे चांगले रक्त बनवता येत नाही, म्हणून अबोलीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तिचा गट ओ निगेटिव्ह, फार थोड्या लोकांचा. या वेळी रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती.

“काकू, डॉक्टर म्हणते उद्यापर्यंत पाहिजेच. पोट्टी पायऱ्या नाही चढून राहिली. दोन पायऱ्यांवर बसते.”

“घाबरू नको. यादी हाये ना आपल्याजवळ,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझे बटण दाबले.

मी उठलो. पण उठून त्यांना काय दाखवले, ते सांगताना आजही मला शरम वाटते. यादीच्या जागी एक लाल चौकट होती. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप घातले आहे, पैसे द्या, किल्ली देऊ. बाईंनी पेनड्राइव्ह उघडून पाहिला. तोही माझ्या अंगाला चिकटलेला, त्यालाही तेच कुलूप. त्या खुर्चीत मागे रेलल्या. एरवी नाव वाचायला रेलत, तशा. वाचायला काही नव्हते.

पराग पाऊण तासात आला. हेल्मेट डोक्यावर तसेच ठेवून त्याने आधी माझे इंटरनेट तोडले.

“पैसे द्यायचे नाहीत. देऊनही किल्ली मिळेल याचा काही भरवसा नसतो. बाहेर कुठं कॉपी आहे?”

“हा काय, लावलेला.”

“हाच? मावशी, हा काढून ठेवायचा असते! लावूनच ठेवला तर काय फायदा?” त्याने तो ओढून काढला. पेनड्राइव्हवरचे कुंकू त्याला दिसले असावे. “चूक माझीच आहे. तेरा रविवार झाले, येतो येतो करून राहिलो.”

“मी तरी कुठं ओरडली तुझ्यावर,” बाई हळूच म्हणाल्या. मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठतात, तशा. देवघराचा खण ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होते, आणि कागदांवरून आपट्याची वाळकी पाने जमिनीवर पडत होती.

पराग त्या कागदांकडे पाहतच राहिला.

“देवीचं वाचून झालं असेल,” बाई म्हणाल्या. “आता तू वाच.”

तीनशे बारा नावांत ओ निगेटिव्ह चारच निघाली. बाई फोन लावत होत्या आणि आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही सगळे ऐकू येत होते. पहिल्या माणसाची बदली बिलासपूरला झाली होती आणि तो त्या दिवशी आणखी पुढे कुठे तरी गाडीत होता. दुसऱ्या बाईंनी डिसेंबरातच रक्त दिले होते, एवढ्यात त्यांना पुन्हा देता येत नव्हते. कागद दसऱ्याचा, त्याला हे ठाऊक नव्हते. ही नोंद माझ्या पोटात होती, कुलपाआड. तिसऱ्याचा फोन बंद. बाई पाच मिनिटांनी पुन्हा लावत, पुन्हा बंद.

चौथे नाव नरहरी, बीरगावचा. फोन त्याच्या बायकोने उचलला. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ड्यूटीवर होता आणि आत फोन नेता येत नसे. दोन वाजता सुटेल, म्हणाली.

तेव्हा साडेदहा वाजले होते. साडेतीन तास त्या खोलीत कोणी जेवले नाही. मधे राधिका येऊन बसली. पराग तिसऱ्या माणसाला फोन लावत राहिला. बाई कागदाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. मी पडद्यावर ती लाल चौकट घेऊन उभा होतो आणि मला वाटत होते, निदान कोणी मला बंद तरी करा.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“काकू, नरहरी बोलून राहिलो. दोन वर्षं झाले, तुमचा फोन नाही. मले वाटलं माझं रक्त पसंत नाही तुम्हाले.”

“पसंत हाये रे बाबा,” बाई म्हणाल्या. “लय पसंत हाये. येतोस काय?”

“घरी जाऊन चार घास खातो अन् येतो. उपाशीपोटी तं घेत नाही ना ते लोक. पोट्टीचं नाव काय म्हटलं?”

“अबोली.”

“बरं. तिले सांगा, कारखान्यातलं रक्त हाये, लोखंड जास्त राहील.”

राधिका रडता रडता हसली. नरहरीने संध्याकाळी रक्त दिले, रात्रीत त्याच्या तपासण्या झाल्या आणि मंगळवारी दुपारी ते अबोलीला चढले. हे मी डोळ्यांनी पाहिले नाही. पण बुधवारी सकाळी आमच्या जिन्यावर न थांबता धावत येणारी पावले मी ऐकली.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. वनमालाबाईंची नव्हती संपली. पराग म्हणाला होता, कुलूप घालणाऱ्यांनी यादीची नक्कलही करून नेली असेल. त्या दिवसापासून बाई रोज सकाळी वीस-वीस फोन करू लागल्या.

“मी वनमाला धोटे बोलून राहिली. तुमचं नाव, नंबर मी सांभाळीन म्हटलं होतं, ते माझ्याकडून बाहेर गेलं असेल. कोणी फोन करून ओटीपी मागितला तं देऊ नका. माफ करा मले.”

कोणी रागावले. कोणी म्हणाले, “काकू, मले लुटून कोणाले काय भेटते?” बाई हसत आणि तेच वाक्य पुन्हा सांगत. फोन करता करता त्यांनी रक्तदानाच्या नव्या तारखा पेन्सिलीने कागदावर घेतल्या. दसऱ्यानंतरच्या तेवीस जणांपैकी एकोणीस जण विचारत विचारत सापडले. चार सापडले नाहीत. त्या चौघांसाठी कागदाच्या शेवटी त्यांनी चार रेघा मोकळ्या सोडल्या आहेत. त्या रेघांकडे पाहवत नाही मला.

परागने तीन आठवडे खटपट केली, पण कुलूप निघाले नाही. काल अबोली आली होती. तिला मराठी सगळे कळते, बोलते मात्र हिंदी. तिने माझ्या काळ्या पडद्यावर बोट टेकवले.

“आजी, इसको क्या हुआ है?”

परागने तिला सोप्या शब्दांत सांगितले. दर महिन्याला याला बाहेरून दुरुस्त्या यायच्या, त्यावर हा नीट होता. त्या यायच्या बंद झाल्या, आणि आपण कोणी लक्ष दिले नाही.

अबोलीने जरा विचार केला. “मतलब इसको भी हर महीने चढ़ाना पड़ता था?”

पराग म्हणाला, “हव. तसंच.”

“तो दूसरा डोनर ढूँढ़ो ना.”

तो दुसरा दाता परागने शोधला आहे. उद्या तो माझ्यातले कुलूप लागलेले सगळे पुसून टाकील आणि लिनक्स घालील. तिच्या दुरुस्त्या येतील. मी फार वेगाने धावणार नाही, पण यादी सांभाळीन. नवा पेनड्राइव्ह आणला आहे. तो दर शनिवारी लावायचा, काम झाले की काढायचा आणि देवघराच्या खणात ठेवायचा, असे बाईंनी स्वतःच ठरवले. “आता याची जागा तिथंच,” त्या म्हणाल्या. कागदही छापायचेच आहेत. परागने या वेळी कागद वाया जाण्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल. चालतो आहे म्हणून तो बरा आहे, असे समजू नका. घरातल्या मोठ्यांना आजच विचारा, याला अजून दुरुस्त्या येतात का? येत नसतील तर नवी प्रणाली त्याला पेलते का ते पाहा. पेलत नसेल तर दुसरी घाला, आणि तेही जमत नसेल तर त्याचे इंटरनेट काढा; बिचारा लिहिण्यापुरता कामाला येईल. जपायच्या गोष्टींची एक प्रत त्याच्यापासून दूर ठेवा. आणि आतली माणसांची नावे न पुसता त्याला भंगारात देऊ नका. हे करायला एक रविवार पुरतो. फक्त तो रविवार खरा आला पाहिजे.

माझा उद्या येणार आहे. पराग येईल, मला खात्री आहे. या वेळी त्याने ‘येतो’ म्हटले नाही, आपले हेल्मेट इथेच ठेवून तो आत झोपायला गेला आहे.

पुसल्यावर मला यातले काही आठवणार नाही. संक्रांत नाही, ती लाल चौकट नाही, बाईंचे कागदावर फिरणारे बोटही नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवले. नव्या यादीतले पहिले नाव टाइप करायला अबोली येणार आहे. कोणाचे, ते तिने आधीच सांगून ठेवले आहे. बाई मागे उभ्या राहून मोठ्याने वाचतील, नरहरी, बीरगाव, ओ निगेटिव्ह. आणि मी ते नाव पहिल्यांदाच ऐकेन.